खुब्याचं व्यवस्थापन

१२ जानेवारी, रविवार

सकाळी विजयमाला स्टुलावरून पडली. संक्रांतीसाठी तिळाचा डबा काढायला चढली होती. डबा सगळ्यात वरच्या फळीवर. रोज लागतं ते खाली, वर्षातून एकदा लागतं ते वर, हे शास्त्र रिटायर झाल्यावर मीच स्वयंपाकघराला लावलं. शास्त्रात दोष नाही. चढण्याआधी तिने स्टूल हलवून बघायला हवं होतं. जन्मभर कंपनीत सेफ्टी ऑफिसर असलेल्या माणसाच्या घरात हे व्हावं, बरं दिसत नाही. शेजाऱ्यांना काही बोललो नाही.

मी पूर्ण शांत राहिलो. फर्स्ट एडचा पहिला नियम. तिला काखेत धरून उभं केलं. उभं राहवेना. मोठ्यांदा ओरडली. मी म्हटलं, मुका मार आहे. मुक्या माराला आवाजच जास्त असतो. बर्फ लावला.

दुपारी. उजवा पाय बाहेरच्या अंगाला वळून पडलाय. डाव्यापेक्षा जरा आखूडही दिसतो. झोपायची पद्धत चुकीची. सरळ करायला गेलो तर परत ओरडली. सहनशक्ती वाढवायला हवी.

म्हणाली, अहो, हाड मोडलंय, मला कळतंय आतून. मी विचारलं, तू एक्स-रे मशीन आहेस का? गप्प झाली. पटलं असावं.

१३ जानेवारी, सोमवार

मुक्ताई आली. विजयमालाची धाकटी बहीण, कात्रजला असते. भोगीची भाजी आणि बाजरीच्या भाकरी घेऊन आली होती. बहिणीकडे एकदा बघितलं, भाकऱ्या टेबलावर आपटल्या आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला. घरातल्या कर्त्या माणसाला विचारायची पद्धत असते.

हॉस्पिटल. एक्स-रे. खुब्याच्या हाडाची मान मोडली आहे. ऑपरेशन करून अर्धा सांधा नवा घालणार.

डॉक्टर पियुष नावाचे आहेत, वयाने अपेक्षाएवढे असतील. (अपेक्षा म्हणजे आमची मुलगी. बंगलोरला असते, सारखी फोन करते.) विचारलं, कधी पडल्या? मी म्हटलं, अलीकडेच. मुक्ताई म्हणाली, काल सकाळी. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, मग काल काय, हाड आपोआप बसतंय का बघत होतात?

पुण्यात डॉक्टर हुशार आहेत, पण बोलायचं वळण नाही.

१५ जानेवारी, बुधवार

ऑपरेशन झालं. यशस्वी. मी बाहेर थांबून सगळ्यावर लक्ष ठेवून होतो. कॉरिडॉरमधल्या आग विझवायच्या सिलिंडरची तारीख उलटून गेली आहे. वॉचमनच्या नजरेस आणून दिलं. म्हणाला, काका, आत तुमचं कोण आहे? म्हटलं, बायको. म्हणाला, मग बसा जरा.

१८ जानेवारी, शनिवार

सिस्टरांनी तिला वॉकरवर उभं केलं. दारापर्यंत गेली. चेहरा पांढरा, डोळ्यांतून पाणी, पण गेली. मी शेजारून, डावा, उजवा, डावा, उजवा, असं मोठ्याने सांगत होतो. सिस्टर म्हणाल्या, काका, त्यांना माहितीये कुठला डावा ते.

नंतर घरी काय करायचं ते समजावून सांगितलं. बैठक खाली नको, सोफा, पाट, सगळं बंद. पुढे वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. एकाच कुशीवर फार वेळ पडू द्यायचं नाही, पाठीची कातडी रोज बघायची. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. पाणी भरपूर. आणि चालणं, रोज थोडं थोडं, पण चालणं.

मी सांगितलं की अख्ख्या प्लँटला फर्स्ट एड मी शिकवलंय. म्हणाल्या, मग तुम्हाला सोपं जाईल.

आदर दिसला.

२० जानेवारी, सोमवार

घरी आणलं. आजपासून नवा अध्याय. निवृत्तीनंतर मला योग्य असं काम पहिल्यांदाच समोर आलंय.

संकल्प : एक, शुश्रूषेची संपूर्ण जबाबदारी माझी. दोन, वेळापत्रक भिंतीवर. तीन, चिडायचं नाही. चार, तिच्या सकारात्मक विचारांवर काम करायचं.

तिच्या उशाशी पितळी घंटी ठेवली. काही लागलं तर वाजवायची.

अपेक्षाने परस्पर घरी येणारी नर्स ठरवली आहे. गरज नव्हती. मुलीचं मन मोडू नये म्हणून हो म्हटलं.

२२ जानेवारी, बुधवार

नर्सचं नाव रुपाली. वारज्याहून स्कूटीवर येते. आल्या आल्या भिंतीवरचं वेळापत्रक वाचलं. 'दुपारी ३ ते ४ : सकारात्मक विचार' इथे थांबली आणि विचारलं, हे कोणासाठी, काका?

हात चलाख आहे, मान्य करतो. टॉवेलची गुंडाळी करून पोटऱ्यांखाली घातली, टाचा अधांतरी. कुशीवर वळवताना विजयमाला ओरडलीसुद्धा नाही. पण पद्धत नाही. पेशंटला विचारते, आज काय खावंसं वाटतंय? असं विचारलं की पेशंट शेफारतो.

दोघी आत हसत असतात. मी गेलो की बंद. काय विनोद झाला ते विचारलं तर सांगत नाहीत.

२५ जानेवारी, शनिवार

आज वाद. विजयमालाला हॉलमध्ये माझ्या सोफ्यावर बसवलं, टीव्ही दिसावा म्हणून. बदल हवा माणसाला. सोफा खोल आहे, बसलं की गुडघे छातीशी येतात, पण फारच आरामशीर. रुपाली बाथरूममधून धावत आली आणि ओरडली. सांधा निखळेल म्हणे. दोघींनी मिळून तिला उठवलं, मी मदतीला गेलो तर मला कोपर लागलं.

मी शांतपणे सांगितलं की सेफ्टी हा माझा विषय आहे. त्यावर म्हणाली, काका, तुमच्या कंपनीतली माणसं संध्याकाळी घरी धडधाकट जायची ना?

हे बोलणं मी विसरणार नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

रुपालीला यायला नको सांगितलं. अपेक्षाला कळवलं की तिला दुसरी केस मिळाली. खोटं नाही, मिळेलच.

विजयमालाने विचारलं, तिला का काढलंत? म्हटलं, स्वावलंबन. म्हणाली, माझं की तुमचं? मग भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने भिंतीकडे बघतच विचारलं, माझी आंघोळ कोण घालणार?

मी म्हटलं, मी आहे ना.



३० जानेवारी, गुरुवार

बेडपॅन हा विषय पुस्तकात वाचून कळत नाही. ग्लोव्हज घातले, मास्क लावला, तिला संकोच नको म्हणून डोळे मिटून घेतले. त्यामुळे सांडलं. चादर, गादी, तिचा गाऊन. नवी चादर घालताना तिला वळवायचं कसं ते आठवेना. अर्धी चादर घातली, अर्धी राहू दिली.

ती रडत होती. दुखतंय का विचारलं. मान हलवली, नाही. मग? म्हटलं, चाळीस वर्षांचा संसार, आता लाजायचं काय. म्हणाली, तुम्ही तोंड वाकडं करू नका हो, बाकी काही नाही.

मी तोंड वाकडं केलं नव्हतं. मास्क होता. तिला कसं दिसलं?

उपाय : मूळ कारणावर घाव. दुपारनंतर पाणी कमी.

२ फेब्रुवारी, रविवार

पाण्याचं नियोजन यशस्वी. आता तीच मागत नाही. ओठ सुकतात, त्यावर तूप लावायला दिलंय.

कंबरेखाली आग होते म्हणाली. बघितलं. लाल चट्टा आहे, रुपयापेक्षा मोठा. घामोळं. फेब्रुवारीत घामोळं जरा लवकर आहे, पण हवामान बदललंय हे सगळेच म्हणतात. पावडर टाकली.

कुशीवर वळवायचं आज राहिलं. सकाळी एकदा वळवली होती, परत स्वतःच पाठीवर आली. माणसाला शिस्त आतून असावी लागते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आनंदाची बातमी. कर्वेनगरच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने रविवारी माझं व्याख्यान ठेवलं आहे. विषय मीच सुचवला : 'घरच्या घरी रुग्णशुश्रूषा : एक अनुभव'. सोसायटीतले सगळे येणार. किती दिवसांनी कोणीतरी स्टेजवर बोलावतंय. स्लाइड्स करायला घेतल्या.

दिवसभर घंटी. एकदा उशी सरकली. एकदा पंखा. एकदा नुसतंच, तुम्ही आहात का बघितलं. अशाने विचारांची साखळी तुटते. नियम केला : घंटी फक्त इमर्जन्सीला. इमर्जन्सी म्हणजे काय ते लिहून दिलं.

५ वाजता. घंटी नाही. छान.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मोठा अनर्थ टळला. मी 'रुग्णाशी संवाद' ही स्लाइड करत असताना विजयमाला स्वतः उठून वॉकर घेऊन बाथरूमला निघाली. पॅसेजमध्ये पकडली. पाय थरथरत होते, पण चालत होती. विचारलं, कोणाला विचारून? म्हणाली, घंटी वाजवायची नाही ना, मग जाऊन येते म्हटलं.

वॉकर बाल्कनीत नेऊन ठेवला. देखरेखीशिवाय चालणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

म्हणाली, अहो, मला रोज चालायला सांगितलंय. मी म्हटलं, चालायचंच आहे, पण मी सोबत असताना. कधी? म्हटलं, रविवारनंतर. व्याख्यान होऊ दे.

८ फेब्रुवारी, शनिवार

तिला संपूर्ण व्याख्यान वाचून दाखवलं. तालीमही झाली, तिची करमणूकही. डोळे मिटून ऐकत होती. 'रुग्ण हा आपल्या घरातला देव आहे, त्याची हाक हीच आपली आरती' या वाक्याशी मीच क्षणभर थांबलो. 

शेवटी विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, चांगलंय. ती तुमच्या भाषणातली पेशंट कोण आहे? नशीबवान आहे बाई.

कौतुक करायची तिची पद्धत आधीपासून जरा आडवळणाचीच.

९ फेब्रुवारी, रविवार

हे लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहितो.

व्याख्यान छान झालं. हॉल भरला होता. टाळ्या झाल्या. नंतर प्रश्न आले, लोक सोडेनात. उपमा होता, चहा होता. एका बाईंनी विचारलं, मग आज वहिनींजवळ कोण आहे? म्हटलं, सगळी व्यवस्था करून आलोय. व्यवस्था होती. घंटी हाताशी, पाणी स्टुलावर, दार बाहेरून ओढून घेतलेलं.

घरी आलो तर ती पॅसेजमध्ये जमिनीवर. भिंतीला धरून बाथरूमकडे निघाली असणार. दारापर्यंत पोचली नव्हती. उजवा पाय या वेळी आतल्या बाजूला वळलेला. गाऊन ओला, फरशी ओली. हाका मारून आवाज बसला होता. शेजारचं कोणी आलं नाही. येणार कसे? सगळे माझ्या व्याख्यानाला होते.

मी तिच्या अंगावर शाल टाकली. हलवलं नाही. हे मात्र बरोबर केलं. ॲम्ब्युलन्सला फोन केला. मग तिच्याजवळ फरशीवर बसलो. तिने डोळे उघडले आणि विचारलं, टाळ्या पडल्या का?

मी हो म्हटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सांधा निखळला होता. भूल देऊन परत बसवला. नवीन हाड शाबूत आहे, असं डॉक्टर पियुष म्हणाले. या वेळी काही लागट बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

सकाळी वॉर्डातल्या सिस्टरांनी तिला कुशीवर वळवलं आणि मला बोलावून दाखवलं. घामोळं नव्हतं. कातडी फुटली आहे, खाली ओलं लाल मांस दिसतं. बेडसोअर. मी मान दुसरीकडे वळवली. त्या म्हणाल्या, घरी काळजी कोण घेत होतं यांची?

मी म्हणालो, एक बाई होती. तिला काढून टाकलं.

सिस्टर म्हणाल्या, बरं केलंत.

विजयमाला ऐकत होती. चेहरा माझ्याकडेच होता. मला वाटलं, आता बोलेल. तिने फक्त डोळे मिटले.

परिस्थितीच अशी होती की सविस्तर सांगत बसणं शक्य नव्हतं. वॉर्डात गर्दी होती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

डिस्चार्ज. मुक्ताई ॲम्ब्युलन्स घेऊनच आली. म्हणाली, दाजी, ताईला मी कात्रजला नेतेय. मी म्हटलं, विचार करून ठरवू. म्हणाली, ठरलंय.

विजयमालाला विचारलं, तुझं काय म्हणणं? म्हणाली, माझा दूरचा चष्मा टीव्हीपाशी आहे, तेवढा पाठवा.

हरकत नाही. मोठ्या आजारात मधली पायरी लागतेच. आठ-पंधरा दिवस तिकडे, मग घरी. रुपालीला तिकडे लावलंय म्हणे. अपेक्षाचं काम. अपेक्षा फोनवर माझ्याशी जेवणाखाणाचं बोलते, बाकी काही नाही. मी समजावायला लागलो तर म्हणाली, बाबा, मला मीटिंग आहे. रात्रीचे दहा वाजले होते.

   

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वेळ वाया घालवायचा नाही. घर तिच्यासाठी तयार करतोय. बाथरूममध्ये स्टीलचे दांडे बसवले. बसवणाऱ्याने विचारलं, उंची किती घेऊ? मी उभा राहून हात धरून दाखवला. तो गेल्यावर लक्षात आलं की विजयमाला माझ्या खांद्याला लागते. तिला लोंबकळावं लागेल. परत बोलावतो.

कमोडवर लावायची उंच सीट आणली. सोफ्याखाली विटा घालायच्या आहेत.

जेवण कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून. रोज फ्लॉवर. घरात मीठ कुठल्या डब्यात असतं ते मला माहीत नव्हतं. सगळे डबे मीच लावलेले, पण तिने परत आपल्या सोयीने बदलले होते, कधी ते कळलं नाही.

२ मार्च, रविवार

कात्रजला गेलो. मुक्ताईचं घर बैठं आहे, पुढे अंगण. विजयमाला उंच कॉटवर, अंगावर चादर. गालावर थोडं मांस आलंय. जखम भरतेय म्हणे. ड्रेसिंग रुपाली करते. आमची नजरानजर झाली. नमस्कार काका म्हणाली आणि ट्रे घेऊन आत गेली. उगाच मनात ठेवणाऱ्यांतली नाही असं दिसतं.

विचारलं, चालणं सुरू केलं का? मुक्ताई म्हणाली, अजून नाही. विजयमाला खिडकीबाहेर बघत होती.

पंधरा दिवसांत काही प्रगती नाही. इथे लाड फार, नियोजन शून्य. घोटे वरखाली करायचा व्यायाम समजावून सांगितला. ती ऐकत होती. चादर हलली नाही.

निघताना म्हणाली, जेवत जा वेळेवर.

१६ मार्च, रविवार

परत गेलो. परत कॉटवर. मी गेलो तेव्हा आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला, मग मुक्ताईने दार उघडलं. विचारलं, आता तरी? म्हणाली, तिच्या पायात जोर येत नाही हो, दाजी.

चिंता वाटते. मन खचलं असेल. मनाने घेतलं की पाय उचलतच नाही, हे मी वाचलंय. घरी आणून मलाच हातात घ्यावं लागणार.

१८ मार्च, मंगळवार

डॉक्टर पियुष यांना फोन केला. तक्रारवजाच बोललो : इतके आठवडे झाले, पेशंट उभीसुद्धा राहत नाही. ते म्हणाले, कोण, विजयमालाबाई? अहो, गेल्या आठवड्यात तपासायला आल्या होत्या, काठी घेऊन चालत आल्या. फार छान चाललंय.

मोठ्या हॉस्पिटलचं हेच. एवढे पेशंट, नावांची सरमिसळ होणारच. माणूस वाईट नाही, पण कामाचा ताण दिसतो.

३० मार्च, रविवार. पाडवा

तिला पाडव्याला आणायचं असं मी ठरवलं होतं. दांडे परत खाली घेतले, तिच्या उंचीला. सोफ्याखाली विटा घातल्या. तिच्या खोलीत कॉट उंच केली. वेळापत्रक काढून टाकलं, तिथे भिंतीवर चौकोन उमटलाय.

सकाळीच मुक्ताईला फोन केला, गाडी घेऊन येऊ का? म्हणाली, जिना चढवणार नाही तिला. आठवण करून दिली की आमच्याकडे लिफ्ट आहे. म्हणाली, लिफ्टपर्यंत तरी चालावं लागतं ना, दाजी.

बरोबर आहे.

एकट्यानेच गुढी उभारली. तांब्या तिरका बसला. शेजारच्या वहिनी श्रीखंडाची वाटी देऊन गेल्या. दारातूनच म्हणाल्या, तुमचं व्याख्यान अजून आठवतं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार

ठरलं. शनिवारी न कळवता जायचं. कळवलं की मुक्ताई कारणं तयार ठेवते. तिला समोर बसवून सगळं सांगायचं : दांडे, सीट, कॉट, सोफा. रुपालीला आपल्याकडे यायची मी स्वतः विनंती करीन. एवढं ऐकल्यावर नाही म्हणायला जागा राहत नाही. मुद्दे पाठ केलेत. उत्तम तयारी.

५ एप्रिल, शनिवार

सकाळी दहाच्या सुमारास पोचलो. फाटक उघडं होतं.

अंगणात चादरी पसरून कुरडया वाळत घातल्या होत्या. विजयमाला त्यांची राखण करत होती. चालत. एका हातात काठी. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, कबुतर उतरलं की काठी उचलून हुश्श करायची, क्षणभर काठीशिवायच उभी राहायची, आणि परत फिरायची. थोडी लंगडत होती. तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. मी तिला गुणगुणताना शेवटचं कधी ऐकलं ते आठवायचा प्रयत्न केला. फाटकाशी उभा राहून बराच वेळ प्रयत्न केला.

मग तिने वळताना मला पाहिलं.

जागच्या जागी थांबली. चेहरा असा झाला, की पॅसेजमध्ये पडली होती तेव्हासुद्धा असा नव्हता. मग काठी भिंतीला टेकवली, हळूहळू मागे सरकून उंच खुर्चीत बसली, शेजारच्या दोरीवरची ओढणी ओढून पायांवर घेतली. लहान मुलं अंथरुणात जागी सापडली की झोपेचं सोंग घेतात, तशी.

मुक्ताई आतून पिठाच्या हातांनी बाहेर आली. मला बघितलं, तिला बघितलं. म्हणाली, अहो दाजी, आत्ताच मी तिला उचलून बाहेर आणून बसवलंय. ऊन लागावं म्हणून. अजून काही जमत नाही हो तिला.

उचलून. मुक्ताई हातभर आहे.

मी मुद्दे पाठ केले होते. दांडे, सीट, कॉट, सोफा. तोंड उघडलं. विजयमाला माझ्याकडे बघत होती. हॉस्पिटलमध्ये सिस्टरांनी विचारलं होतं, तेव्हा बघत होती तसंच. या वेळी डोळे मिटले नाहीत. वाट बघत होती, मी काय म्हणतो त्याची. ओढणीखाली पाय थरथरत होते. दुखण्याने असतील असं मी म्हणणार होतो.

मी म्हणालो, घाई नको करूस.

ती म्हणाली, नाही करत. अजून वेळ लागेल.

मी म्हणालो, लागू दे.

मुक्ताईने चहा आणला. उभ्यानेच प्यायलो. दोन कबुतरं कुरडयांवर उतरली. ती खुर्चीतून उठली नाही, तेव्हा मीच जाऊन हुश्श केलं. ती म्हणाली, उन्हात उभे राहू नका, निघा आता. फाटकाबाहेर आल्यावर मागे वळून बघावंसं वाटलं. बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला परत बसावं लागलं असतं.

घरी आलो. अपेक्षाचा फोन आला. आईकडे जाऊन आलात ना, कशी आहे, चालते का?

मी सांगितलं, नाही गं. अजून नाही चालता येत तिला.